आत्याच्या सात गिन्या : मोडायच्या की ठेवायच्या?

पागोळी (धागाकर्ती)

माझी थोरली आत्या गेल्या पौषात गेली. तिला मूलबाळ नव्हतं. चिपळूणच्या घरातली तिची ट्रंक आम्ही भावंडांनी मिळून उघडली, तेव्हा नऊवारीच्या घडीत एक खणाची पिशवी निघाली. आत सात गिन्या आणि अकरा पुतळ्या. पुतळ्यांचा गोफ कधीच तुटलेला असणार, त्या सुट्याच होत्या. सातपैकी पाच गिन्यांना वर कडी डाखलेली आहे, दोन जशाच्या तशा आहेत.

दादाचं म्हणणं, सगळं एकत्र मोडू आणि तीन सारखे वाटे करू. धाकटी बहीण इंग्लंडात असते. ती म्हणते, मोडू नका, माझ्या वाट्याच्या मी घेऊन जाईन. मी मधे अडकले आहे.

ठाण्यातल्या एका पेढीवर दाखवून आणल्या. तिथे एकही नाणं कुणी उलटून पाहिलं नाही. सगळ्या गिन्या एकदम तराजूत टाकल्या, २२ कॅरेटचा भाव लावला आणि वर ८ टक्के तूट धरली. पुतळ्या जुन्या म्हणून सरसकट १८ कॅरेटच्या हिशेबात. मला ते बरोबर वाटलं नाही, पण बोलायला हातात माहिती नव्हती. पिशवी उचलली आणि घरी आले.

राजाच्या मानेखाली अगदी बारीक अक्षरात बी. एम. असं आहे. बाबा नेहमी सांगत की ते बॉम्बे मिंट, म्हणजे आपल्या मुंबईच्या टाकसाळीतली नाणी. हे खरं का? आणि जाता जाता अजून एक: मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्यासाठी दर गुरुपुष्याला एक ग्रॅमचं नाणं घ्यावं असं मनात आहे. ही गुंतवणूक म्हणून ठीक आहे का?

कसोटी

ताई, सगळ्यात आधी एक विनंती. त्यांना चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट काहीही लावू नका. धुवायच्याच असतील तर कोमट पाणी, एक थेंब साबण, आणि मऊ कापडाने टिपून घ्या, पुसू नका. घासलेलं नाणं संग्राहक लगेच ओळखतो आणि बाजूला ठेवतो.

आता बी. एम. बद्दल. तुमच्या बाबांसारखंच असंख्य घरांत मानलं जातं, पण ती बॉम्बे मिंट नव्हे. पंचम जॉर्जचा मुखवटा कोरणारा शिल्पकार बर्ट्राम मॅकेनल, त्याच्या नावाची ती आद्याक्षरं. पंचम जॉर्जच्या प्रत्येक गिनीवर ती असतात, मग नाणं लंडनचं असो की सिडनीचं. तशीच मागच्या बाजूला, घोड्यावरच्या सेंट जॉर्जखाली उजवीकडे, बी. पी. अशी अक्षरं दिसतील. तो बेनेदेत्तो पिस्त्रुची. हे चित्र १८१७ साली त्याने केलं आणि आजही ब्रिटिश सॉव्हरिनवर, म्हणजे आपण जिला गिनी म्हणतो त्या नाण्यावर, तेच असतं.

टाकसाळीची खूण वेगळ्या जागी असते. मागची बाजू वर करा. घोड्याच्या पायाखाली जमिनीची आडवी रेघ आहे आणि तिच्याखाली साल. त्या रेघेवर, सालाच्या बरोबर मधोमध वर, एखादं इवलंसं रोमन अक्षर आहे का बघा. एस म्हणजे सिडनी, एम मेलबर्न, पी पर्थ, सी कॅनडातलं ओटावा, एसए दक्षिण आफ्रिकेतलं प्रिटोरिया. आणि आय म्हणजे इंडिया, अर्थात मुंबई. काहीच नसेल तर लंडन. दहा पटीचं भिंग घ्या आणि खिडकीशी बसून, प्रकाश तिरपा पडेल असं नाणं धरा. सातही नाण्यांची सालं इथे लिहा, मग पुढचं बोलू.

मोगरा

पागोळीताई, आत्याबद्दल वाचून वाईट वाटलं. वाचतेय. आमच्याकडेही आजीच्या दोन आहेत.

एसआयपी_नाशिक

गुंतवणुकीच्या प्रश्नाचं उत्तर देतो. एक ग्रॅमचं नाणं ही गुंतवणूक नव्हे, ती हौसेची खरेदी आहे. आकडे मांडून बघा. समजा सोन्याचा भाव १०० आहे. नाण्यावर घडणावळ आणि पाकिटाचे मिळून ४ लागले, त्यावर ३ टक्के जीएसटी, म्हणजे तुमच्या हातून १०७ गेले. दुसऱ्या दिवशी विकायला गेलात तर ९७-९८ मिळतील. भाव दहाएक टक्के वाढेपर्यंत तुम्ही जिथे होतात तिथेच. नाणं जितकं लहान तितकी घडणावळ टक्केवारीत जास्त. एक-एक ग्रॅमची दहा नाणी आणि १० ग्रॅमचं एक नाणं यांत वजन तेवढंच, पण दहा नाण्यांना पैसे जास्त मोजता.

सरकारी सुवर्णरोखे होते तोवर मी सगळ्यांना तेच सांगायचो. नोव्हेंबर २०१५ मधला पहिला रोखा ग्रॅमला २,६८४ रुपयांनी निघाला, २०२३ मध्ये मुदत संपली तेव्हा ६,१३२ रुपयांनी पैसे परत मिळाले. शिवाय मधली आठ वर्षं व्याज. तिजोरी नको, तूट नको, घडणावळ नको. पण फेब्रुवारी २०२४ नंतर सरकारने नवे रोखे काढलेले नाहीत. आता उरतो तो गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात युनिटच्या रूपात घेता येणारं सोनं. मुलीच्या शिक्षणाचा पैसा तिथे ठेवा.

तोळामासा

मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीच सोनेतारणाच्या टेबलावर. वरच्या हिशेबाशी सहमत आहे, त्यात भर घालतो.

बँकेतून नाणं घेतलं की बँक ते परत घेईल असं लोक गृहीत धरतात. बँक विकते, पण परत विकत घेत नाही, रिझर्व्ह बँकेची तशी परवानगीच नाही. माझ्यासमोर किती जण ते सीलबंद पाकीट घेऊन आले आणि हिरमुसले होऊन सराफाकडे गेले. त्या नाण्यांवर कर्ज मात्र मिळतं, तेही एका व्यक्तीला ५० ग्रॅमपर्यंतच. लगड किंवा बिस्किट तारण चालत नाही.

नाणंच घ्यायचं असेल तर अशोकचक्र असलेलं भारत सरकारचं सुवर्णनाणं पाहा. तेही २०१५ च्या नोव्हेंबरातच आलं. एका बाजूला गांधीजी, ५ आणि १० ग्रॅमचं, ९९९ चोख, हॉलमार्क केलेलं. आणि आपल्या पेढ्यांवरचं साधं वेढणं विसरू नका. चोख सोन्याची तार गुंडाळलेली, नक्षी नाही, घडणावळ नगण्य. आमच्या आईने आयुष्यभर वेढणीच घेतली, मुलींच्या लग्नात तीच मोडून पाटल्या केल्या.

पागोळीताई, तुमच्या गिन्यांना कड्या का लागल्या याबद्दलही सांगावंसं वाटतं. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आलं. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. आमच्या आळीतल्या सोनारांच्या भट्ट्या विझलेल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. त्यातले एक पुढे गिरणीत बदली कामगार झाले, त्यांच्या हातची कुयरी मात्र पुन्हा कुणाला जमली नाही. मग १९६८ चा कायदा. लगड, बिस्किट घरात ठेवणं गुन्हा, नाण्यांवरही बंधनं. दागिना त्या मानाने सुरक्षित. घरोघरी लोकांनी नाण्यांना कड्या लावून ती माळेत ओवली. तुमच्या आत्याच्या कड्या त्या काळातल्या असू शकतील. हा कायदा १९९० साली रद्द झाला तो मधू दंडवते अर्थमंत्री असताना. राजापूरचे खासदार, तुमच्या कोकणातले. सोनारांच्या दोन पिढ्या त्या कायद्याखाली गेल्या, म्हणून हे मी नेहमी आवर्जून सांगतो.

गलाई_विटा

आमची तिसरी पिढी गलाईत. विटा, खानापूर, आटपाडीकडची आमची माणसं भारतभर सोनं गाळायला गेली हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. मी स्वतः सोळाव्या वर्षी तमिळनाडूत चुलत्याच्या दुकानात बसलो. आता गावी असतो.

८ टक्के तुटीबद्दल लिहितो, कारण ते वाचून राहवलं नाही. गिनी हा काही कुणा सोनाराने अंदाजाने घडवलेला दागिना नव्हे. त्यात सोनं किती ते कायद्याने ठरलेलं. वजन ७.९८८ ग्रॅम, २२ कॅरेट, म्हणजे चोख सोनं ७.३२ ग्रॅम. बाकी तांबं. २२ कॅरेटचा भाव लावला तेव्हाच तांबं वजा झालं. मग त्यावर परत ८ टक्के कशाचे? जुन्या दागिन्यात तूट धरतात ती डाख (जोडाचा हलका धातू), लाख, मळ यांची. गिनीत डाख आहे तो फक्त कडीपाशी, गव्हाच्या दाण्याएवढा. सात गिन्यांचं वजन ५६ ग्रॅमला थोडं कमी. त्याचे ८ टक्के साडेचार ग्रॅम होतात. अर्ध्या गिनीपेक्षा जास्त सोनं तुमच्या हातून विनाकारण गेलं असतं.

मोडायच्याच असतील तर टंच काढून, म्हणजे सोन्याचा कस तपासून, द्या. पण यंत्राचा टंच वरच्या थराचाच असतो, आतलं त्याला दिसत नाही. खात्री हवी तर आटणी करून नमुना तपासावा लागतो, आणि आटणी केली की नाणं गेलं. मुशीत राणी काय नि राजा काय, दोन मिनिटांत दोघंही वितळतात. माझ्या आज्याने आठवड्याला दहा-दहा गिन्या आटवल्या आहेत. तेव्हा कुणी साल बघत नव्हतं. वडलांनी त्यातली एक, राणीच्या डोक्यावर पदर असलेली, बाजूला काढून ठेवली. ती आमच्या देव्हाऱ्यात आहे. दुकानातलं बाकी सगळं आलं नि गेलं, ती राहिली.

कड्या काढायला जाऊ नका. ताव दिला की नाण्याची कड अजून बिघडते.

टेम्सकाठचा

लंडनहून लिहितोय. नाव गिनी, पण हे नाणं खरी गिनी नव्हे, एवढं आधी नोंदवतो. इंग्लंडची गिनी १६६३ पासून १८१४ पर्यंत पडली आणि तिचा भाव २१ शिलिंग होता. तुमच्या हातात आहे ते २० शिलिंगांचं सॉव्हरिन. आपल्याकडे जुनं नाव नव्या नाण्याला चिकटलं. आता तर सराफ स्वतःच्या छापाचं ८ ग्रॅमचं नाणंही गिनी म्हणूनच विकतात, त्यामुळे विकत घेताना नीट विचारावं.

इथे लोक सॉव्हरिन का घेतात? ते आजही कायदेशीर चलन आहे, म्हणून त्यावरच्या नफ्याला भांडवली नफ्याचा कर लागत नाही. ब्रिटानिया या दुसऱ्या ब्रिटिश नाण्याचंही तसंच. गुंतवणुकीच्या सोन्यावर व्हॅट नाही. भारतात यातलं काही लागू नाही, म्हणून इंग्रजी चित्रफिती पाहून तिथले हिशेब इथे लावू नका.

जगभरची गुंतवणुकीची नाणी सुरू झाली १९६७ च्या दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगररँडपासून. बरोबर एक ट्रॉय औंस चोख सोनं, वर तांबं, एकूण ३३.९३ ग्रॅम. नाण्यावर किंमतच छापलेली नाही, जो त्या दिवशीचा सोन्याचा भाव तीच किंमत. वर्णद्वेषामुळे १९८५ मध्ये अमेरिकेने त्याची आयात बंद केली आणि १९८६ मध्ये स्वतःचं ईगल काढलं. कॅनडाचं मेपल लीफ १९७९ चं. ते चोख असल्याने इतकं मऊ की नखाने नाही, पण एकमेकांवर घासून ओरखडे पडतात. माझ्याकडे दोन्ही आहेत. क्रुगररँड टेबलावर टाकला तरी काही होत नाही, मेपल मी डबीतून काढत नाही.

तुमच्या बहिणीसाठी महत्त्वाचं: ती नाणी परस्पर पर्समध्ये घालून विमानात बसायला सांगू नका. पुढचं जाणकार सांगतील.

कसोटी

बरोबर. १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा. शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरावशेष ठरतं, ते परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. घरचं आहे, आजीचं आहे, मूळ इंग्लंडचंच आहे, हे कारण चालत नाही. पुतळ्या तर त्याहून जुन्या असू शकतात.

उलट बाजूचंही सांगतो, कारण दुबईहून येणारे नेहमी विचारतात. परदेशात वर्षभराहून जास्त राहून येणाऱ्याला सोन्याची जी सवलत आहे ती दागिन्यांना. नाण्याला आणि बिस्किटाला नाही.

आणि कुणाच्या शेतात, पडक्या वाड्यात नाणी सापडली तर ती गुपचूप सराफाकडे नेऊ नका. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांच्या वरचं गुप्तधन कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे. नेवासे असो की नळदुर्ग, सापडलेले घडे आटवले गेले की त्यासोबत त्या गावाचा इतिहासही आटतो. याचा मला मनापासून त्रास होतो.

पागोळी

सगळ्यांचे आभार. काल रात्री भिंग घेऊन बसले, आज सकाळी परत उजेडात पाहिलं. सालं अशी: १८८९, १८९३, १९०७, १९११, १९१२, १९१३, १९१८.

१८९३ आणि १९११ या दोन बिनकडीच्या. १८९३ च्या रेघेवर एम आहे. १९१८ च्या रेघेवर एक उभी रेघ आहे, आधी मला ओरखडा वाटला. पण तिला वर-खाली बारीक आडवे दांडे आहेत. तो आय आहे का? हिला कडी आहे.

कसोटी

आहे. ती मुंबईची.

थोडं सविस्तर लिहितो, मला हा विषय फार जवळचा आहे. फोर्टातल्या आपल्या टाकसाळीत ब्रिटिश सॉव्हरिन पडलं ते फक्त त्या एका वेळी. पहिलं महायुद्ध चाललेलं. समुद्रात पाणबुड्या, सोनं लंडनला पाठवून नाणी पाडून परत आणणं धोक्याचं. इकडे चांदीचा तुटवडा, लोक नोटा देऊन रुपये मागत होते. म्हणून मुंबईत रॉयल मिंटची शाखा काढली. ठसे लंडनहून यायला उशीर झाला, तोवर थांबणं शक्य नव्हतं, म्हणून १५ रुपयांची मोहोर पाडली: वजन आणि कस अगदी गिनीचाच, पण मागे सेंट जॉर्ज नाही, नक्षीच्या वर्तुळात १५ रुपये आणि १९१८ हे साल. १५ रुपये का? रुपया १६ पेन्सांना बांधलेला आणि पौंडात २४० पेन्स. भागाकार करून बघा. ठसे आल्यावर आय खुणेच्या गिन्या सुरू झाल्या. एकूण १२,९५,३७२ पडल्या, सगळ्यांवर साल १९१८. १९१९ च्या एप्रिलात पाडणं थांबलं. पुढे जवळजवळ शतकभराने, २०१३ च्या सुमारास, एमएमटीसी-पॅम्प या सोनं शुद्ध करणाऱ्या कंपनीने रॉयल मिंटच्या परवान्याने भारतात सॉव्हरिन पाडली तेव्हा ती आय खूण परत आली.

म्हणजे बाबांचं बी. एम. चुकलं, पण एक नाणं खरोखर मुंबईचं निघालं.

आता किंमत, आणि इथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. तेरा लाख ही दुर्मिळ संख्या नव्हे. शिवाय डाखलेल्या कडीमुळे वरची दातेरी कड वितळून सपाट झाली असणार. संग्राहकाच्या दृष्टीने ती जखम आहे. तिचा भाव सोन्याच्या भावापेक्षा फार वर जाणार नाही. बिनकडीची असती तर थोडा अधिक मिळाला असता, लॉटरी तरीही नव्हे. १५ रुपयांची मोहोर निघाली असती तर गोष्ट वेगळी, तिला मागणी जास्त आहे.

नाण्याला दोन किमती असतात. एक धातूची, ती रोज पेपरात येते. दुसरी त्या नाण्याला हवं असलेल्या माणसाची, ती त्याच्याशी गाठ पडेल तेव्हाच मिळते. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याने दुसरीसाठी पैसे मोजू नयेत, आणि संग्रह करणाऱ्याने पहिलीवर विसंबून चुकीचं नाणं घेऊ नये. लोक फसतात ते या दोन्ही एकत्र विकणाऱ्यांकडून.

गुजरी_कोल्हापूर

बनावटीचं पण सांगा कुणीतरी. गडांच्या पायथ्याशी शिवरायांचा होन म्हणून काय काय विकतात. खरा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, एका बाजूला श्री राजा शिव, दुसरीकडे छत्रपति. जगात मोजकेच उरलेत. दहा-वीस हजारांत कुणी देत असेल तर तो खरा नाही, एवढं धरून चाला. प्रतिकृती म्हणून घ्या, अभिमानाने घ्या, पण प्रतिकृतीच्या भावात.

कसोटी

गुजरी, अगदी खरं. गिन्यांतही बनावट भरपूर. पन्नाशी-साठीच्या दशकांत बैरूतकडे पाडलेल्या खोट्या गिन्या जगभर पसरल्या. गंमत नाही, पण त्यातल्या बऱ्याच जणींत सोनं जवळजवळ पुरतं आहे, खोटा आहे तो ठसा. तेव्हा मोडायला हरकत नाही, संग्राहक भाव मात्र देऊ नका. १९१७ ची लंडनची गिनी दुर्मिळ, म्हणून तिच्या नकला जास्त.

ताई, घरी करता येईल अशी तपासणी. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. आधी नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तो त्या नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. खऱ्या गिनीला ०.४५ च्या आसपास यायला हवा. पितळ असेल तर दुपटीच्या वर जातो. पुतळ्या लहान, त्या एकेक न मोजता सारख्या दिसणाऱ्या एकत्र बांधून बुडवा, म्हणजे चूक कमी होईल.

पुतळ्यांवर एका बाजूला उभा संत आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला माणूस, दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या लंबगोलात उभी आकृती दिसते का? तसं असेल तर मूळ व्हेनिसचं डुकाट. १२८४ पासून नेपोलियनने १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक संपवलं तोपर्यंत हे नाणं जवळजवळ बदललंच नाही. तांबड्या समुद्राच्या वाटेने आपल्याकडे आलं, आपल्या बायकांना त्यात पुतळी दिसली, आणि तेच नाव पडलं. साडेतीन ग्रॅम, जवळजवळ चोख. आपल्याकडे त्याच्या नकलाही पुष्कळ झाल्या. अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा असतील तर नक्कल समजा.

पागोळी

केलं. दोन तास गेले, मुलगी दोरा धरायला होती.

१९११: कोरडी ७.९८, पाण्यात ०.४५. १८९३ मेलबर्न: ७.९४, पाण्यात ०.४५. कडीवाल्या ८.२० ते ८.२६ च्या मधे, पाण्यात ०.४७ ते ०.४८.

पुतळ्यांचे सरळ दोन गट पडले. सात पुतळ्यांवर अक्षरं वाचता येतात, गुडघे टेकलेल्या माणसाच्या हातात काठीसारखं काहीतरी आहे. सातांचं मिळून २४.२ ग्रॅम, पाण्यात १.२६. उरलेल्या चारांवर अक्षरांच्या जागी रेघाच. त्या मिळून १०.५ ग्रॅम, पाण्यात ०.६६.

गलाई_विटा

ताई, सातांची घनता १९.२ येते. ते चोख सोनं. चारांची १५.९. त्यात चांदी-तांबं आहे, १८-१९ कॅरेट धरा. म्हणजे पेढीवाल्याचा १८ कॅरेटचा हिशेब चारांपुरता बरोबर होता. सातांना तोच लावला असता तर २४ ग्रॅममधलं सहाएक ग्रॅम सोनं हिशेबातून गेलं असतं.

मेलबर्नची गिनी झिजली आहे, तरी चांगली. गिनी ७.९३८ च्या खाली गेली की ती चलनातून बाद व्हायची. तुमची अजून चालली असती.

तोळामासा

करासाठी हे लिहून ठेवा. वारशाने मिळालं तेव्हा कर नाही, विकताना नफ्यावर लागतो. आत्याने ठेवलेला काळही तुमच्या काळात धरतात, त्यामुळे तो दीर्घ मुदतीचा, १२.५ टक्के. २००१ च्या एप्रिलपूर्वीचं असल्याने खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो. मूल्यांककाकडून लेखी घ्या. विकलंत तर पैसे खात्यात, पावतीसह. रोख नको.

आणि ज्या ठेवाल त्यांचा प्रत्येकीचा दोन्ही बाजूंचा फोटो, वजन, साल, आत्याचं नाव एका कागदावर लिहून तिघांच्या सह्या करा. सोनेतारणाच्या टेबलावर मी भावांतली भांडणं पाहिली आहेत. ती सोन्यावरून कमी आणि कुणाला काय दिलं हे लिहिलेलं नसल्याने जास्त होती.

पागोळी

पंधरा दिवसांनी लिहितेय. काल दादाकडे बसलो, बहीण फोनवर होती. कसोटी, तोळामासा, गलाई दादा, तुमचे सगळे प्रतिसाद छापून नेले होते.

दादाच्या मुलाची फी भरायची आहे, त्याला पैसे आताच हवे होते, हे तो आधी बोलला नव्हता. चार रेघावाल्या पुतळ्या आणि १८८९, १९१२, १९१३ या तीन कडीवाल्या गिन्या त्याने घेतल्या आणि दुसऱ्या एका पेढीवर टंच काढून दिल्या. कड्यांच्या डाखापुरती घट धरली, बाकी २२ कॅरेटचा पूर्ण भाव मिळाला. त्याने पावतीचा फोटो पाठवला तेव्हा मला बरं वाटलं.

सात पुतळ्या बहिणीच्या. त्या इथेच, माझ्या लॉकरमध्ये तिच्या नावाच्या पाकिटात राहतील. ती म्हणाली, आले की बघेन. वजनातली तफावत आम्ही त्या दिवशीच्या भावाने पैशांत मिटवली, बहिणीला आम्हा दोघांकडून थोडं येणं निघत होतं ते तिने सोडलं नाही, घेतलं. कागदावर सह्या झाल्या.

१८९३, १९०७, १९११ आणि १९१८ माझ्याकडे. मुलीसाठी दरमहा ईटीएफ सुरू केला आहे. गुरुपुष्याचं एक ग्रॅम बंद, त्याऐवजी दर पाडव्याला एक वेढणं.

मोगरा

ताई, तुमचा धागा वाचून आजीच्या दोन्ही बाहेर काढल्या. एकीवर पी आहे, १९१४. दुसरीची रेघ नीट दिसत नाहीये. तुमच्या १९१८ च्या आयचा जवळून फोटो टाकाल का? मला ताडून बघायचं आहे.

पागोळी

टाकते. आज आभाळ आहे, फ्लॅशने नुसती चमकच येते. उद्या सकाळी गॅलरीत ऊन येतं साडेसातला, तेव्हा काढते. मुलीला कापूस धरायला लावीन, नाणं तिरकं ठेवावं लागतं.